उतारावर आडवी झालेली इमारत

डोंगरातलं घर काढ म्हटलं की आपल्याकडचं कुठलंही पोर उभट, त्रिकोणी छप्पर काढतं. त्याचं काही चुकत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर छप्पर उभंच लागतं. आढ्यावर पडलेलं पाणी धावत वळचणीला यायला हवं, रेंगाळलं तर कौलांखालून घरात. पण हेच चित्र घेऊन आल्प्समधल्या एखाद्या जुन्या गावात गेलात तर गंमत होईल. तिथल्या शेतकऱ्यांच्या जुन्या घरांची, म्हणजे शॅलेंची छपरं रुंद, पसरट आणि बेताच्याच उताराची. वर दगडी लाद्या किंवा लाकडाच्या चिपा, आणि त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी धोंडे ठेवलेले. बर्फ घसरून पडावा अशी घरमालकाची इच्छाच नाही. तो छपरावर मुक्कामाला राहावा अशी सगळी सोय.

का, ते समजलं की स्की रिसॉर्टच्या मोठमोठ्या इमारती कशा असाव्यात या भांडणातला अर्धा भाग समजतो. हे भांडण गेली साठ-सत्तर वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, डोंगरात बांधायचं तर डोंगरी घरासारखं दिसलं पाहिजे. दुसरी म्हणते, दिसण्याचं सोडा, डोंगरात वागायचं कसं ते इमारतीला कळलं पाहिजे. मी दुसऱ्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

तर बर्फ. ताज्या भुरभुरीत बर्फात दहातले जवळजवळ नऊ भाग हवा असते. कोंडलेली हवा म्हणजे उत्तम गोधडी. शेतकऱ्याला ही गोधडी फुकट मिळत होती, ती तो खाली कशाला ढकलेल? फक्त तिचं वजन पेलायला हवं, आणि ते साधं नाही. ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर, पण आठवडे गेले, थरांवर थर बसले की तोच तीनशेपर्यंत जातो आणि ओला झाला की त्याहून पुढे. म्हणजे छपरावर दोन मीटर दबलेला बर्फ असला तर दर चौरस मीटरला सहाशे किलो. प्रत्येक चौरस मीटरवर एक धष्टपुष्ट म्हैस उभी आहे असं समजा. आपल्याकडे राहत्या घराच्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलो धरतात. भारतीय मानक ८७५ चा अख्खा चौथा भाग बर्फाच्या भारावर आहे, महाराष्ट्रात काम करणाऱ्या इंजिनिअरला तो उघडायची वेळ सहसा येत नाही इतकंच.

वजनापेक्षा छळणारी गोष्ट मात्र वेगळी. छपराखालची खोली चांगली गरम आहे आणि छप्पर नीट बंदिस्त नाही, असं धरा. आतली ऊब वर झिरपते आणि बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी बर्फाच्या आडून गुपचूप खाली सरकतं. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली, तिच्याखाली ऊब नाही, म्हणून तिथे पोचलं की गोठतं. रोज थोडं थोडं. काही दिवसांत वळचणीला बर्फाचा बांध तयार होतो, त्याच्यामागे पाणी तुंबतं आणि उलटं वर चढून सांध्यांतून घरात शिरतं. पर्यटक ज्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात त्या बर्फाच्या लखलखत्या पागोळ्या म्हणजे बऱ्याचदा घरमालकाच्या डोकेदुखीची जाहिरात असते. यावरचा जाणता उपाय म्हणजे दुहेरी छप्पर. आतलं छप्पर ऊब अडवतं, मग हवा खेळायला फट, आणि त्यावर बर्फ झेलणारं बाहेरचं छप्पर. बाहेरचं छप्पर थंडच राहिलं की खालून वितळणं बंद.

मग छप्पर उभट करून बर्फ पाडून का टाकू नये? लहान घराला चालतं, फक्त दार वळचणीखाली नको, आढ्याच्या टोकाकडच्या त्रिकोणी भिंतीत हवं. पण शंभर मीटर लांबीची, सात मजल्यांची इमारत घ्या. खालून दिवसभर पोराटोरांसकट माणसांची ये-जा. उन्हाने सैल झालेला टनभर बर्फ सात मजल्यांवरून सुटला तर? म्हणून मोठ्या इमारतीला सपाट किंवा जवळजवळ सपाट, बर्फ धरून ठेवणारं छप्परच परवडतं. वितळलेल्या पाण्याची पन्हळसुद्धा बाहेरच्या भिंतीवरून न नेता इमारतीच्या पोटातून, उबदार भागातून खाली आणायची. बाहेर ठेवली तर गोठून फुटेल.

आणखी एक साधं गणित आहे, आणि ते मला फार बोलकं वाटतं. दहा मीटर रुंदीच्या शॅलेला वीस अंशांचं दुपाखी छप्पर घातलं तर आढं भिंतीच्या वर पावणेदोन मीटरच्या आसपास येतं. छान दिसतं. आता तेच रूप साठ मीटर रुंदीच्या हॉटेलला द्या. आढं जवळजवळ अकरा मीटर वर जाईल, म्हणजे तीन-साडेतीन मजल्यांएवढं नुसतं छप्पर. चिमुकल्या घराचं प्रमाण ताणून मोठं होत नाही, बेढब होतं. मग आर्किटेक्ट काय करतात, तर मोठ्या इमारतीच्या अंगावर छोटी छोटी त्रिकोणं चिकटवतात आणि काँक्रीटच्या खांबांना लाकडाचं सोंग देतात. जवळून पाहिलं की वाशाची टोकं भिंतीतून बाहेर आलेली असतात आणि आत वासाच नसतो.

इतकं मोठं बांधायचंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फ्रान्समध्ये सापडतं. लोराँ शापिस या आर्किटेक्टने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत असताना बर्फातल्या नव्या गावाच्या नियोजनाचा अभ्यास केला, आणि सुटून आल्यावर १९४६ पासून कुर्शव्हेल उभं राहू लागलं. जुन्या गावाला जोडून बांधण्याऐवजी उंचावरच्या मोकळ्या कुरणात, कोऱ्या कागदावरून आखलेलं. पुढे १९६४ मध्ये सरकारने ‘प्लॅन नेज’, म्हणजे बर्फाची योजनाच आणली. मध्यमवर्गाला सुट्टीला स्की करायला मिळावं, देशात परकीय चलन यावं, आणि ओस पडत चाललेल्या डोंगरांत रोजगार व्हावा. त्यासाठी हजारोंनी खाटा हव्या होत्या. तेवढ्या खाटा सुट्या बंगल्यांत पसरल्या तर प्रत्येक दारापर्यंत रस्ता, प्रत्येक रस्त्यावरचा बर्फ हटवणं, प्रत्येक घराला पाणी आणि सांडपाण्याची नळी. सगळा उतार चाळणी होतो. एकत्र, दाटीने बांधलं तर बाकीचं कुरण कुरण राहतं. आपल्याकडच्या हिल स्टेशनांच्या डोंगरउतारांवर सेकंड होमची जी पेरणी झाली आहे ती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मुद्दा वेगळा समजवावा लागणार नाही.

या पिढीतलं माझं सर्वांत आवडतं काम म्हणजे फ्रान्सच्या सव्हॉय भागातलं लेझार्क हे स्की रिसॉर्ट. रॉजे गोदिनो हा प्रवर्तक, रोबेर ब्लाँ हा तिथल्याच मातीतला डोंगरवाटाड्या, आणि आर्किटेक्टांच्या चमूत शार्लोत पेरियाँ. पेरियाँबाईंचा जन्म १९०३ चा. ल कोर्बुझिए या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात १९२७ पासून काम केलेल्या, आणि स्वतः पक्क्या गिर्यारोहक. तिशीत असताना त्यांनी पाठीवरून वाहून नेऊन डोंगरावर जोडता येईल असा अॅल्युमिनियमचा निवारा केला होता. लेझार्कचा पहिला भाग, आर्क १६००, डिसेंबर १९६८ मध्ये उघडला तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. आर्क १८०० झालं १९७४ मध्ये आणि आर्क २००० झालं १९७९ मध्ये. नावातले आकडे मीटरमधली उंची सांगतात.

इथली युक्ती कळायला इमारतीचा सेक्शन डोळ्यांसमोर आणावा लागतो. सेक्शन म्हणजे इमारत केकसारखी सुरीने उभी कापली तर कापलेल्या बाजूला जे दिसेल ते. सपाटीवरच्या इमारतीचा सेक्शन म्हणजे उभा आयत. डोंगरावर तोच आयत उभा करायचा तर डोंगर कापून सपाटी करावी लागते, मागे उंच धारक भिंत, पुढे भराव, आणि मधे इमारत सुळक्यासारखी. पेरियाँ आणि मंडळींनी आयत उतारावर निजवला. भातखाचरं जशी डोंगराला बिलगून पायरीपायरीने उतरतात, तसे मजले उतरतात. आर्क १६०० मधली ‘ला कास्काद’ ही इमारत पाहा. नावाचाच अर्थ धबधबा. उन्हाच्या बाजूला वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा मागे सरकलेला, त्यामुळे प्रत्येक गच्चीच्या डोक्यावर आकाश, शेजाऱ्याची गच्ची नाही. मागल्या सावलीच्या बाजूला याच्या उलट, वरचे मजले पुढे झुकलेले. तो झोक खालच्या वाटेला पडवीचं काम करतो, ये-जा बर्फाबाहेर राहते. एकच तिरकी चाल, पुढे ऊन आणि मागे आडोसा.

उन्हाचं एवढं कौतुक का? २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. लेझार्कमध्ये जेमतेम २१ अंशांवर. वीस मीटर उंच इमारतीची सावली पुण्यात अठरा मीटर पडेल, तिथे बावन्न. दोन इमारती आपल्या सवयीने शेजारी ठेवल्या तर मागचीला हिवाळाभर ऊन नाही. त्यात आणखी एक विसंगती आहे. स्कीला चांगला उतार म्हणजे बहुधा उत्तरेकडे तोंड असलेला, कारण तिथे बर्फ टिकतो. माणसाला हवी दक्षिण. ही ओढाताण प्रत्येक नकाशात नव्याने सोडवावी लागते. बुटकी, पायऱ्यापायऱ्यांची, सावली आखडून घेणारी इमारत हे तिचं एक उत्तर.

खोल्या मात्र लहान, खूपच लहान. आल्प्सच्या या रिसॉर्टांना सशाच्या पिंजऱ्यांची उपमा मिळाली ती यावरूनच, आणि ती तक्रार खोटी नाही. पेरियाँबाईंचं म्हणणं असं की माणूस इथे डोंगरासाठी येतो, खोलीसाठी नाही. मग पैसे खिडकीत घाला. म्हणून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काच, बसायला बाक भिंतीतच, आणि ओटा बैठकीकडे उघडा. स्वयंपाक करणारी बाई आत कोंडून आणि बाकीचे डोंगर बघत बसलेत, हे त्यांना नको होतं. आपल्याकडे ओपन किचनवर घराघरात वाद होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

न्हाणीघराची कथा तर लहान मुलाला सांगावी अशी. एवढ्या उंचीवर बांधकामाला वर्षातून मोजकेच महिने मिळतात, पुढे सगळं बर्फाखाली. गवंडी, प्लंबर, टाइलवाला अशी रांग लावत बसलं तर हंगाम संपतो. म्हणून आर्क १८०० साठी अख्खं न्हाणीघर कारखान्यात बनवलं, होड्या बनवतात तसं पॉलिएस्टरच्या साच्यात. बेसिन, टब, भिंत, सगळं एकसंध, सांधा नाही म्हणून गळती नाही. ट्रकवरून वर न्यायचं, क्रेनने मजल्यावर ठेवायचं, नळ्या जोडायच्या. हे डोंगरासाठी डिझाइन करणं आहे, भले न्हाणीघराच्या खिडकीवर बदामाचं नक्षीकाम नसो.

शेजारच्या जिल्ह्यातलं आव्होरियाझ वेगळ्या वाटेने गेलं. सुमारे १८०० मीटर उंचीवर, कड्याच्या काठावर. मूळ कल्पना १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण जिंकलेल्या जाँ व्हुआर्नेची, पैसे आणि चिकाटी जेरार ब्रेमाँची, आणि आर्किटेक्ट जाक लाब्रो आणि त्यांचे तरुण सहकारी. पहिलं हॉटेल १९६६ चं. या इमारती लांबून खडकांच्या कपारींसारख्या दिसतात, कुठेही सरळ ओळ नाही, अंगभर रेड सीडर या लाकडाच्या चिपा. हे लाकूड रंगवत नाहीत. ऊन-पाऊस-बर्फ खाऊन ते राखाडी होतं, कुठे काळपट, कुठे तांबूस, अगदी मागच्या कड्यासारखं. आणि मोटारी बंद. गाडी वेशीवर ठेवायची, पुढे घोड्यांच्या घसरगाडीतून किंवा पायी. गल्ल्यांतला बर्फ हटवतच नाहीत, गल्ली हीच स्कीची वाट. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून घोडा केलेल्याला हे नवल वाटणार नाही. वेशीवर गाडी थांबली की रस्ता किती अरुंद ठेवता येतो आणि झाडं किती वाचतात, हे आपण तिथे पाहिलेलंच आहे.

फ्लेन या तिसऱ्या फ्रेंच रिसॉर्टबद्दल मतं टोकाची आहेत. एरिक ब्वासोनास या भूभौतिकतज्ज्ञाने आणि त्याच्या पत्नीने, सिल्व्ही यांनी, जर्मनीतल्या बाउहाउस या आधुनिक कलाशाळेतून आलेल्या मार्सेल ब्रॉयर या आर्किटेक्टला बोलावलं, आणि १९६९ मध्ये एका खोलगट, कड्यांनी वेढलेल्या दरीत उघड्या काँक्रीटचं गाव उघडलं. रंग नाही, लाकडाचं सोंग नाही. काँक्रीटचे तुकडे डोंगराखालच्या दुसऱ्या दरीत ओतून वर आणले, कारण हंगामाची अडचण इथेही तीच. फोटोत पाहिल्यावर पहिल्यांदा मलाही ती सरकारी वसाहतच वाटली होती. मग एका फोटोत भिंत जवळून दिसली. काँक्रीटच्या पाट्या सपाट नाहीत, हिऱ्याला पाडतात तसे पैलू पाडलेले. या दरीत हिवाळ्यात ऊन तिरकं आणि तुटपुंजं. सपाट भिंतीवर ते मेलं असतं. पैलूंवर एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि तास पुढे सरकेल तशी भिंत बदलते. मागचे चुनखडीचे कडेही असेच करतात, रंगसुद्धा तोच, राखाडी. तिथल्या ‘ल फ्लेन’ हॉटेलची गच्ची तर कड्यावरून बाहेर अधांतरी झेपावलेली आहे. तरी एक कबूल करायला हवं: ढगाळ दिवशी, ओल्या बर्फात, काँक्रीट हे काँक्रीटच दिसतं. ज्यांना ते आवडत नाही ते अडाणी आहेत असं मी म्हणणार नाही.

लोकांना ते आवडलं नाहीच. सत्तरीच्या दशकाअखेर फ्रान्समध्ये हवा फिरली, १९८५ मध्ये डोंगरी भागासाठी स्वतंत्र कायदा आला आणि बांधकामाला लगाम बसला. चवही बदलली. लेझार्कमध्येच २००३ साली आर्क १९५० नावाचं नवं गाव उघडलं. उतरती छपरं, लाकडी बाल्कन्या, दगडाची पायाभिंत, वाकड्या गल्ल्या, शंभर वर्षं जुनं वाटावं असं. खाली मात्र मोटारींचं मोठं तळघर. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकात कोणतं गाव झळकतं हे सांगायला नको. न्यायाने बोलायचं तर तिथे चालायला सुख आहे, वारा लागत नाही, मुलं डोळ्यांसमोर राहतात. पेरियाँबाईंच्या इमारतींतले लांब अंधारे बोळ कुणालाच आवडत नाहीत. पण छपरं नीट पाहा. बर्फ अडवण्यासाठी ओळीने लोखंडी अडसर लावलेले आहेत. आधी घसरायला उतार द्यायचा, मग घसरू नये म्हणून अडसर.

सोंगाचा आरोप सगळ्याच लाकूडकामावर करता येत नाही, हेही खरं. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या माउंट हूडवर १९३७ साली सरकारी रोजगार योजनेतून टिंबरलाइन लॉज बांधलं गेलं. मधल्या मुख्य दालनाचं षटकोनी छप्पर मागच्या शिखराचा आकार घेतं. पण तिथला दगड आणि लाकूड खरोखर भार उचलतं, आणि जिन्याच्या कठड्याचे खांब टाकून दिलेल्या टेलिफोनच्या खांबांतून कोरलेले आहेत, त्यांवर प्राणी-पक्षी. मजुरी मुबलक आणि पैसा कमी होता, म्हणून हे जमलं. आज त्याची नक्कल करणारे मजुरीत काटकसर करतात आणि लाकडाची जाड सालपटं चिकटवतात.

इमारत दिसते कशी यापेक्षा ती उभी कुठे आहे, हा प्रश्न मोठा, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १० फेब्रुवारी १९७० ला फ्रान्समधल्या व्हाल दिझेरमध्ये हिमस्खलन एका युवा केंद्राच्या जेवणघरात सकाळच्या न्याहारीच्या वेळी घुसलं, ३९ जण गेले. त्यानंतर फ्रान्सने हिमस्खलनाच्या जागा पद्धतशीर नकाशावर आणायला घेतल्या. २३ फेब्रुवारी १९९९ ला ऑस्ट्रियातल्या गाल्टुरमध्ये तर सुरक्षित समजलेल्या भागापर्यंत बर्फ आला आणि ३१ जण गेले. गाल्टुरने नंतर तीनशे मीटरहून लांब संरक्षक भिंत बांधली, आणि त्या भिंतीलाच जोडून गावाचं संग्रहालय केलं. भिंत हीच इमारत. इतकी प्रामाणिक डोंगरी इमारत मला दुसरी ठाऊक नाही.

आपल्याकडे औली आणि गुलमर्ग आहेत, आणि तिथे मोठं काही बांधण्याची स्वप्नं अधूनमधून रंगवली जातात. औलीच्या खाली जोशीमठ आहे. तो गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेला आहे, तिथे जड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेले, आणि शेजारशेजारची दोन बहुमजली हॉटेलं कलून एकमेकांना टेकली. ती उतरवावी लागली. आल्प्सचा खडक आणि हिमालयातला हा भुसभुशीत उतार यांची तुलना नाही. इथे प्रश्न छपराच्या कोनाशी सुरूच होत नाही. तो सांडपाणी कुठे मुरतं इथे सुरू होतो.

स्वित्झर्लंडला सहलीला जाणाऱ्यांसाठी एक पत्ता देतो. दाव्होसजवळ फ्राउएनकिर्ख नावाचं गाव आहे, तिथे रस्त्याकाठी एक लहानसं पांढरं चर्च आहे. समोरून पाहाल तर कुठल्याही खेड्यातलं वाटेल. चालत मागे जा. डोंगराकडची भिंत सपाट नाही, ती होडीच्या नाळेसारखी टोकदार आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिमस्खलनाने चर्चची दशा केल्यावर गावाने ती तशी बांधली, पुढच्या वेळी बर्फ आला तर त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून.